बावन्नातून सत्तावीस

आमच्या गावच्या शाळेत वजाबाकी आधी म्हणायची आणि मग करायची, अशी रीत होती. गुरुजी फळ्यावर बावन्न लिहायचे, त्याखाली सत्तावीस, आणि आम्ही सगळे एका सुरात सुरू व्हायचो, "दोनातून सात जात न्हाईत. बारातून सात गेले पाच. हातचा एक. दोन आणि एक तीन. पाचातून तीन गेले दोन." 'हातचा एक' म्हणताना गुरुजी हात वर करून मूठ मिटायचे. आम्हीही मिटायचो. मग पाटीवर खालच्या दोनाच्या शेजारी बारीकसा एक लिहायचा. उत्तर पंचवीस. तो एक कुठून आला, आणि तो खालच्या आकड्यातच का मिळवायचा, हे कुणी विचारलं नाही. उत्तर बरोबर यायचं, गुरुजी मान डोलवायचे, पुढचं गणित.

पहिली ते चौथीला ते एकटेच शिकवायचे. त्यामुळे माझी धाकटी बहीण पहिलीत असतानाच आमच्या वर्गाच्या वजाबाक्या ऐकून ऐकून म्हणायला शिकली होती. तिला आकडे नीट लिहिता येण्याच्या आधी मूठ मिटता येत होती.

भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते आणि ती तिसरीत. आमचं गाव औशाच्या बाजूला, जिथं जास्त नुकसान झालं त्या भागापासून जरा दूर. घरातली सगळी वाचली. घराचं माळवद, म्हणजे मातीचं छत, मात्र खाली आलं आणि शाळेची एक भिंत ऑफिसच्या कपाटावर पडली. आई आणि आप्पा पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. आम्हा दोघींना मामाकडे उमरीला पाठवायचं ठरलं. मामा तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते.

लातूरच्या स्टँडवर आप्पांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "लवकर काय परत येणं होणार न्हाई. घर व्हायला वर्षं लागतील. पण धाकटीला बोलू नको. दिवाळीला जाऊ म्हणावं. न्हाई तर रडून रडून आजारी पडंल." मी मान हलवली. एसटीत धाकटी खिडकीशी बसून विचारत होती, दिवाळी किती लांब हाय. मी म्हटलं, जवळच हाय.

उमरीची शाळा पहिली ते दहावी अशी मोठी होती. तिथल्या हेडमास्तरांना सगळे मोठे सर म्हणायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, आवाज बारीक. मामांनी त्यांना सांगितलं की पोरींचे दाखले शाळेच्या कपाटातच गेले, आता कधी मिळतील सांगता येत नाही.

"दाखल्याचं बघू," मोठे सर म्हणाले. "पण कुठल्या वर्गात बसवायचं ते मला बघावं लागेल."

मला त्यांनी सतराचा आणि एकोणिसाचा पाढा विचारला. मी धडाधड म्हटले. "बस पाचवीत," ते म्हणाले. माझं झालं.

धाकटीला त्यांनी फळ्यापाशी उभं केलं आणि बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितलं. तिला हसू आलं. हे गणित तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. तिनं मूठ मिटली, बारीकसा एक लिहिला आणि पंचवीस लिहून मोकळी झाली. खरं तर तिलाही पाढे विचारले असते तर आमची गोष्ट तिथंच संपली असती.

मोठे सर फळ्याजवळ गेले. "खाली हा एक कुठून आला?"

"हातचा."

"हातचा बेरजेत असतो ना, बाळ? वजाबाकीत कसला हातचा? दोनाचे तीन का केलेस?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गुरुजी करतात."

मामा मध्ये पडले. "सर, उत्तर तर बरोबर हाय ना?"

"उत्तर बरोबर आहे. पण तिला कळलेलं नाही." ते माझ्याकडे वळले. "तू मोठी ना? तू सांग. का मिळवायचा हा एक?"

मी पाचवीत होते. शेकड्यांनी वजाबाक्या केल्या होत्या. तोंड उघडलं. आमची एकसुरी ओळच तेवढी डोक्यात फिरत राहिली.

मोठ्या सरांना राग आला नाही. ते तेव्हा कुठल्या तरी प्रशिक्षणाला जाऊन आले होते, आणि पोरांनी समजून गणित केलं पाहिजे असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी स्वतः खडू घेतला. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाच दशकांतला एक दशक सुटा करायचा. पाचावर काट मारून वर चार लिहायचे. सुटे झाले बारा. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. पंचवीस. "बघ, इथं प्रत्येक गोष्ट कुठून आली ते सांगता येतं."

मग ते मामांना म्हणाले, "सोमवारी परत आणा. हेच गणित घालीन, नवीन घालणार नाही. जमलं तर तिसरीत. नाही तर या वर्षी दुसरीत बसू दे. पाया कच्चा राहिला तर पुढं तिलाच रडावं लागेल."

तो आठवडा मी तिला शिकवलं. मामींच्या खराट्याच्या काड्या काढून, तुकडे करून, दहा-दहाच्या जुड्या दोऱ्यानं बांधल्या. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या सत्तावीस मला दे. तिनं क्षणभर बघितलं, न सांगता एक जुडी सोडली, सात काड्या आणि दोन जुड्या माझ्याकडे सरकवल्या. उरल्या दोन जुड्या आणि पाच. पंचवीस. मला इतका आनंद झाला की मी मामींना हाक मारली.

मामी दारातूनच म्हणाल्या, "हाव, बघून राहिले. झाडायला आता काय घेऊ? कलेक्टर झाली की मला नवा खराटा आणून दे म्हणावं तिला."

पण पाटी हातात आली की भलतंच व्हायचं. ती पाचावर काट मारायची, चार लिहायची, सुटे बारा करायची, बारातून सात गेले पाच म्हणायची. इथपर्यंत सगळं मोठ्या सरांसारखं. आणि मग तिचं तोंड आपोआप पुढं जायचं, हातचा एक. मूठ मिटायची. खालच्या दोनाचे तीन व्हायचे. चारातून तीन गेला एक. उत्तर पंधरा.

"काड्या किती उरल्या होत्या?"

"पंचवीस."

"मग पाटीवर किती आले?"

"पंधरा." ती काड्यांकडे बघायची, पाटीकडे बघायची. "काड्यांत हातचा नसतो ना, अक्का."

मी चिडायचे, पुसायला लावायचे. परत पंधरा. दुसऱ्या आकड्यांनी केलं तरी उत्तर दहानं कमीच यायचं. मला वाटलं ती विसरतेय. शनिवारी लक्षात आलं की ती काहीच विसरत नव्हती.

"मोठे सर म्हणले, वरचा एक कमी कर. केला. गुरुजी म्हणले, खाली एक मिळव. मिळवला. मी कुणाचंच सोडलं न्हाई."

"अगं, दोन्ही न्हाई करायचं. एकच करायचं."

"कुणाचं?"

"मोठ्या सरांचं."

"आणि दिवाळीला गावाकडं गेल्यावर? गुरुजी म्हणतील, उमरीला हातचा टाकून आली का काय."

ती हसली. तिला तो विनोद वाटला. तिला दोन शाळा सांभाळायच्या होत्या, एक इथली आणि एक दिवाळीनंतरची. त्या दुसऱ्या शाळेत आता परत जायचं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि सांगायचं नाही हेही माहीत होतं. मी म्हटलं, गुरुजींचं गुरुजींना करून दाखव, इथलं इथं कर. ती हाव म्हणाली. पुढच्याच गणिताला परत मूठ मिटली. हाताला काय ठाऊक तो कुठल्या गावात आहे.

सोमवारी मामा आम्हाला शाळेत घेऊन निघाले. सायकल हातात धरून चालत होते. धाकटी गप्प होती म्हणून तिला धीर द्यायला ते म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? इथं मन लावून शिकायचं. आता काय, चार-पाच वर्ष तुम्ही इथंच."

धाकटीला हे सांगायचं नाही, हे मामांना माहीत नव्हतं. ते आप्पांनी फक्त मला बजावलं होतं. धाकटीनं चालता चालता माझ्याकडे पाहिलं. मी खाली रस्त्याकडे बघत राहिले. तिनं माझा हात सोडला.

मोठ्या सरांनी शब्द पाळला. तेच गणित घातलं. खडूही चांगला लांब दिला. मी आणि मामा दाराशी उभे होतो.

तिनं पाचावर काट मारली, वर चार लिहिले. दोनाचे बारा केले. बारातून सात गेले पाच, खाली लिहिले. मग हात खाली गेला आणि दोनाशेजारी बारीकसा एक लिहिला. तिथं ती थांबली. वळून आमच्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हणाले, तिला दिसलं की नाही कुणास ठाऊक. मोठे सर हळूच म्हणाले, "घाई नाही. विचार कर."

तिनं बोटानं तो खालचा एक पुसला. ते बरोबर होतं. पण तिचं बोट तिथं थांबलं नाही. वर गेलं, आणि तिनं चारही पुसले. काट पुसली. फळ्यावर पाच जसेच्या तसे झाले, खालचे दोनही जसेच्या तसे. आता मोठ्या सरांचं काही उरलं नव्हतं आणि गुरुजींचंही नाही. तिनं पाचातून दोन घालवले आणि तीन लिहिले.

पस्तीस.

दोन्ही केलं की दहानं कमी आणि दोन्ही सोडलं की दहानं जास्त, हे मला तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. मला फळ्यावर पंचवीस दिसत नव्हते, एवढंच दिसत होतं. काहीतरी बोलावं असं वाटलं. तिला येतं सर, काड्यांनी येतं, असं काहीतरी. पण मोठ्या माणसांच्या मध्ये कसं बोलायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि बोलले असते तर त्यांनी परत विचारलं असतं, मग तू सांग, का?

"दुसरीत बसू दे," मोठे सर मामांना म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एका वर्षानं काही बिघडत नाही, बाळ." ते खरोखर मायेनं म्हणाले. धाकटी दप्तर घेऊन शिपायाच्या मागे दुसरीच्या वर्गाकडे गेली. त्या वर्गात ती सगळ्यांत उंच होती, म्हणून तिला शेवटच्या रांगेत बसवलं.

दिवाळी आली. आई-आप्पाच आम्हाला भेटायला उमरीला आले. तिनं गुरुजींबद्दल विचारलं नाही.

मोठ्या सरांबद्दल मी वाईट बोलू शकत नाही. मी दहावीला चांगले मार्क घेतले तेव्हा ते स्वतः मामांच्या घरी आले. आप्पांना गावाहून बोलावून घेतलं आणि समोर बसवून सांगितलं, "हिला लातूरला सायन्सला पाठवा. ही गणितात चालते. मुलगी म्हणून मागं ठेवू नका." आप्पा नाही म्हणायच्या तयारीनं आले होते, पण सरांपुढे त्यांचं काही चाललं नाही. आमच्या घराण्यात कुणी पदवीला गेलेलं नव्हतं. आज माझ्या नावापुढे जे लागतं ते त्या एका संध्याकाळमुळे. मी त्यांच्या पाया पडले ते खरं होतं, आजही पडेन.

लातूरला मी गेले तेव्हा तिथं क्लासचं वारं सुरू झालं होतं. गल्लीगल्लीत पाट्या, खोल्या करून राहिलेली पोरं, डबे पोचवणाऱ्या सायकली, दर रविवारी टेस्ट. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं येत होती. ज्या स्टँडवर आप्पांनी मला बाजूला घेतलं होतं, त्याच स्टँडवर आता उतरणाऱ्या पोरांच्या हातात ट्रंका आणि गाद्या असायच्या. मी मान खाली घालून अभ्यास केला. पुढं नांदेडला बी.एस्सी., मग बी.एड.

धाकटी दहावीला बसली त्याच्या आदल्या वर्षी मोठे सर रिटायर झाले. तिला माझ्याइतके नाही, पण चांगले मार्क होते. तिच्यासाठी आप्पांना समोर बसवून सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. मी सांगितलं, पण मी घरातलीच पोरगी. आप्पा म्हणाले, "तुझं झालं ना, बास." तिनं बारावी आर्ट्स केलं आणि तिचं लग्न इस्लापूरला झालं. ते एक वर्ष गेलं नसतं तर ती सरांच्या शेवटच्या दहावीच्या वर्गात असती. हा हिशोब मी कुणाजवळ बोलून दाखवला नाही. सरांना तर कसा दाखवणार?

बी.एड.ला असताना गणिताच्या तासाला आमच्या मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला. दोन बहिणी, वयात दोन वर्षांचं अंतर. दोघींची वयं दहा-दहानं वाढली, तर अंतर किती? वर्ग हसला. दोनच की. मॅडम म्हणाल्या, "मग वजाबाकीत वरच्या संख्येत दहा मिळवले आणि खालच्या संख्येतही दहा मिळवले, तर उत्तर बदलेल का?" त्यांनी फळ्यावर बावन्नाखाली सत्तावीस लिहिले आणि वरच्या दोनाचे बारा केले. वर दहा सुटे मिळवले. खाली तेच दहा एक दशक म्हणून मिळवले, म्हणून दोनाचे तीन. हातचा एक.

म्हणजे गुरुजींची रीत बरोबर होती. आणि सरांचीही. प्रत्येक गोष्ट कुठून आली ते दोन्हींत सांगता येत होतं. फक्त त्या दिवशी त्या खोलीत सांगणारं कुणी नव्हतं. मी वहीत ते उतरवून घेतलं. आम्हा दोघी बहिणींच्या वयातलं अंतर तेव्हाही दोनच वर्षांचं होतं. वर्गातलं मात्र तीन झालं होतं.

आता मी नांदेडला क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवते. मोठमोठी गणितं सोडवणारी पोरं कधी शेवटच्या साध्या वजाबाकीत चुकतात आणि मार्क घालवतात. मी त्यांचं रफ काम बघते. कुणाच्या वरच्या आकड्यावर काट असते, कुणाच्या खाली बारीक एक. एखाद्याच्या कागदावर दोन्ही असतं. मी त्याला बाजूला बसवून विचारते, तुला घरी कुणी शिकवलं? बहुतेकदा घरी एका रीतीनं शिकवलेलं असतं आणि शाळेत दुसऱ्या. अशा पोराला मी नीट समजावू शकते. मला ते येतं. पगार त्याचाच मिळतो.

गेल्या दिवाळीत धाकटी तिच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. भाची तिसरीत आहे. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो, आणि भाची तिथंच फरशीवर पालथी पडून सुट्टीचा अभ्यास करत होती. एक वजाबाकी तिला येईना. धाकटी वाकून बघायला गेली आणि माझ्या कानावर तो सूर पडला, "दोनातून सात जात न्हाईत. बारातून सात गेले पाच. हातचा एक..." मेथीची काडी धरलेल्या हाताची मूठ मिटली होती.

"मम्मी, असं नसतं!" भाची म्हणाली. "टीचर ओरडतात. वरचा कमी करायचा असतो."

धाकटी थांबली. मूठ उघडली. "मग मावशीला विचार. मावशी गणिताची मॅडम हाय."

भाची माझ्याकडे बघू लागली. तिची आईही. मला सगळं माहीत होतं. दोन बहिणींची वयं, वर दहा, खाली दहा. मी तोंड उघडलंसुद्धा. पण भाची चुणचुणीत आहे, मन राखणारी आहे, अगदी तिच्या आईसारखी. मी दोन्ही बरोबर म्हटलं असतं तर तिनं दोन्ही केलं असतं.

"टीचर सांगतात तसंच कर," मी म्हणाले.

"हाव, तसंच कर," धाकटी लगेच म्हणाली. "माझं जुनं हाय."

भाचीनं पाचावर काट मारली आणि वही घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. ती गेल्यावर मी धाकटीला म्हटलं, "तुझं चुकीचं न्हाई. गुरुजींची रीत बरोबर होती. मला बी.एड.ला कळलं. मी तुला सांगायचंच ठेवलं होतं."

तिनं पुढची जुडी सोडली. पानं खुडत म्हणाली, "बरोबर होती ते मला ठाऊकच होतं की, अक्का. पहिल्या दिवशी पंचवीसच आले होते."

मग तिनं देठं बाजूला केली आणि विचारलं, भाजीत डाळ घालायची का.